वर्लीन टिलरी यांच्या स्मरणार्थ

गुरुवारी आमच्या टॅलोवा काउंटीत कुणी आजारी पडायचं नाही, असा अलिखित नियम होता. गुरुवारी विमान असायचं. ज्या परदेशी स्थलांतरितांना देशाबाहेर घालवायचं त्यांना, ते कोंडलेले असत त्या सेंटरमधून, बसने धावपट्टीवर आणत, बेड्या घालून एकेकाला जिना चढवत, आणि विमान उडेपर्यंत काउंटीची एकुलती एक ॲम्ब्युलन्स धावपट्टीच्या कडेला उभी राही. सेंटरसाठी काउंटीने वॉशिंग्टनशी केलेल्या करारातच तशी अट होती. चढताना कुणाला काही झालं तर सरकारवर बालंट नको. या उभं राहण्याचे काउंटीला पैसे मिळत. पारावर बसावं तसे पेट्रोल पंपावर बसणारे म्हातारे म्हणायचे, "बाळंत व्हायचं तर बुधवारी व्हा, नाहीतर शुक्रवारी. मधल्या दिवशी देवसुद्धा धावपट्टीवर असतो."

सेंटर म्हणजे आमचं जुनं हॉस्पिटल. आधी त्यातला बाळंतिणींचा विभाग बंद झाला, मग तातडीचा, मग सगळंच. राज्याकडे पैसे नव्हते, वॉशिंग्टनकडे तर नव्हतेच. इमारत कबुतरांच्या ताब्यात गेली. मग एके वर्षी त्याच इमारतीसाठी वॉशिंग्टनकडे पैसे निघाले. नवं छप्पर आलं, दुहेरी दारं आली, कुंपण आलं. मी ज्या मजल्यावर जन्मले तिथे होंडुरास आणि ग्वाटेमालाची माणसं लोखंडी खाटांवर झोपू लागली. आत डॉक्टर होता, नर्स होत्या, एक्स-रे होता. नियमाने ठेवावाच लागतो. पण तो आतल्यांसाठी. आई म्हणायची, "एखाद्या दिवशी मीच कुंपणावरून आत उडी मारते. पकडतील तेव्हा निदान रक्तदाब तरी बघतील."

आईचं नाव वर्लीन टिलरी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने हयात घालवली. काउंटीतल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं खाल्लेलं, आणि उरलेल्यांनी रविवारी तिच्या तोंडून बायबल ऐकलेलं. निवृत्त झाल्यावर ती काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या प्रत्येक बैठकीला जाऊ लागली. चर्चला घालायची तीच टोपी, तेच हातमोजे. लोकांनी बोलायची वेळ आली की उठायची आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायची.

"अध्यक्षसाहेब, लढायला पैसा आहे, हाकलायला पैसा आहे. मग जगवायलाच का नाही?"

मंडळाचे अध्यक्ष लुशियस बोहॅनन आमच्याच चर्चचे डीकन, पास्टरांच्या हाताखालचे वडीलधारे. लहानपणी आईच्या रविवारच्या वर्गात होते. ते चष्मा काढून पुसायचे. "मिस वर्लीन, तो पैसा वॉशिंग्टनचा. कशावर खर्च करायचा ते तिथे ठरतं. आपल्या हातात काही नाही."

"मग हातात तो हातोडा कशाला धरलायस, लुशियस? अक्रोड फोडायला?"

लोक हसायचे. डीकनसुद्धा हसायचे. मग हातोडा आपटून पुढचा विषय.

लढायचा पैसा म्हणताना आई खिडकीबाहेर बोट दाखवायची. बाहेर शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, आवारात एक चिलखती गाडी उभी असे. वाळवंटातल्या कुठल्याशा युद्धासाठी बनवलेली, सुरुंगावरून गेली तरी न फुटणारी. युद्ध संपलं तेव्हा सैन्याने अशा गाड्या काउंटींना फुकट वाटल्या. आमच्याकडे सुरुंग नव्हते. नाताळच्या मिरवणुकीत तिच्या छतावरून मुलांवर गोळ्या-चॉकलेटं उधळत.

मी दोन तासांवरच्या शहरात कॉलेजात शिकवते. महिन्यातून एकदा घरी यायची. त्या शनिवारी आले ती चर्चच्या मासळीच्या जेवणासाठी. कोर्टासमोरच्या हिरवळीवर मोठ्या कढया लावून मासे तळतात, ताटं विकतात, आणि त्यातून चर्चचं छप्पर दुरुस्त होतं. आई अर्थातच कढईपाशी. मक्याच्या पिठात घोळवलेले मासे ती तेलात सोडत होती, आणि शेजारच्या बाईला तिचं पीठ कसं पातळ झालंय ते सगळ्या हिरवळीला ऐकू जाईल असं सांगत होती. पलीकडे मुलांनी चढून बघावं म्हणून ती चिलखती गाडी आणून लावली होती. माझा मावसभाऊ मार्व्हिस शेरिफकडे डेप्युटी. तो मुलांना उचलून आत बसवत होता.

आईने झारा खाली ठेवला. "नेव्हा, जरा हे बघ. मासे करपू देऊ नकोस," एवढं म्हणाली आणि खुर्ची न बघताच मागे बसायला गेली. खुर्ची तिथे नव्हती.

मी पोचले तेव्हा तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि डावा हात छातीशी आवळलेला. कुणीतरी ॲस्पिरिन आणलं. कुणीतरी फोन लावला. दिवस शनिवारचा, त्यामुळे कुणी घाबरलं नव्हतं. शनिवारी ॲम्ब्युलन्स अग्निशमन दलाच्या शेडमध्ये असते, आणि शेड कोर्टामागेच आहे.

मार्व्हिस रेडिओवर बोलत होता. बोलता बोलता तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गुरुवारी दक्षिणेला वादळ होतं ना. विमान आज आलंय."

"मग?"

"गाडी धावपट्टीवर आहे. विमान उडालेलं नाही."

"मार्व्हिस, सांग त्यांना कोण आहे ते. मावशी आहे म्हणून सांग."

"सांगितलं. ड्रायव्हर रडतोय तिथे. पण विमान उडेपर्यंत हलला तर करार मोडतो. शेजारच्या काउंटीतून गाडी निघालीय म्हणतात." त्याने कपाळ पुसलं. "तिची वाट बघण्यात अर्थ नाही. आपणच निघू."

माझी गाडी चर्चपाशी, मासे घ्यायला आलेल्यांच्या गाड्यांमागे अडकलेली. समोर रिकामी होती ती एकच. मुलांना खाली उतरवलं. चार पुरुषांनी आईला टेबलावरच्या चादरीत उचललं. चिलखती गाडीची पायरी माणसाच्या कमरेएवढी उंच. वर घेताना आईचं डोकं लोखंडाला लागलं. आत झोपायला जागा नव्हती, समोरासमोर सैनिकांची बाकं होती. आम्ही तिला मधल्या पत्र्यावर ठेवलं. पत्र्यावर गोळ्या-चॉकलेटांचे रंगीत कागद पडले होते.

ती गाडी पळत नाही. ती सुरुंगासाठी केलेली, घाईसाठी नाही. महामार्गावर मागच्या मोटारी भोंगे वाजवत आम्हाला ओलांडून जात होत्या, आणि त्यातली मुलं खिडकीतून हात हलवत होती.

"मावशी, बोलत राहा," मार्व्हिस पुढून ओरडला. "डोळे मिटू नका."

आईने वर बघितलं. छताला लटकणारे पट्टे, बंदुका अडकवायच्या खुंट्या, जाड काचेची लहानशी खिडकी.

"नेव्हा, ही गाडी केवढ्याची गं?"

"आई, बोलू नकोस."

"तो बोल म्हणतोय, तू बोलू नको म्हणतेस. ठरवा एकदा." तिने श्वास घेतला. तो तिला पुरला नाही. "बघ, शेवटी सरकारने माझ्यावर खर्च केला."

हे तिचं शेवटचं वाक्य. पुढे ती बोलायचा प्रयत्न करत होती, पण तो आवाज शब्दांचा नव्हता. काउंटीबाहेरच्या हॉस्पिटलच्या दारात तिला उतरवून घ्यायला आलेली नर्स गाडी बघून आधी मागे सरली. तिला वाटलं, काहीतरी हल्ला झालाय.

आमच्यात मयताच्या प्रार्थनेत ठराव वाचतात. आलेल्या प्रत्येक चर्चचा, प्रत्येक मंडळाचा, आणि माणूस मोठं असेल तर काउंटीचाही. जाड कागद, सोनेरी शिक्का, आणि भाषा अशी, की माणूस मेलं आहे की त्याला जहागीर मिळाली आहे ते कळू नये. ज्याअर्थी दिवंगत भगिनीने अमुक केलं, आणि ज्याअर्थी तमुक केलं, त्याअर्थी असा ठराव करण्यात येतो. हे कुणी ऐकत नाही. बायका पंख्याने वारा घेतात, म्हातारे पेंगतात, ऑर्गनवाला हळू काहीतरी वाजवत राहतो. वाचन संपलं की घरातल्या थोरल्या माणसाने उठून उभं राहायचं. उभं राहणं म्हणजे स्वीकार. मग सगळी सभा "आमेन" म्हणते आणि ठराव घरच्यांचा होतो. बसून राहणं म्हणजे मेलेल्याचाही अपमान आणि जिवंतांचाही. असं कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

काउंटीचा ठराव डीकन बोहॅनन यांनी स्वतः वाचला. त्यांचा आवाज चांगला आहे. मध्येच त्यांना हुंदका आला, आणि तो खरा होता. मी पहिल्या रांगेत शवपेटीकडे बघत होते. आईच्या ओठांवर तिने आयुष्यात कधी लावला नसता असा रंग लावला होता. ज्याअर्थी भगिनी वर्लीन यांनी या काउंटीच्या पिढ्यांना जेवू घातले. ज्याअर्थी काउंटीला दुसरी ॲम्ब्युलन्स मिळावी ही त्यांची अखेरपर्यंत तळमळ होती. तो रंग कुणी निवडला असेल, हा विचार माझ्या मनात चालला होता. ज्याअर्थी सदर ॲम्ब्युलन्स सेंटरच्या विस्तारित करारातून प्राप्त होत आहे, आणि ज्याअर्थी दिवंगत भगिनीचे कुटुंबीय या कार्यास मनःपूर्वक पाठिंबा देत आहेत, त्याअर्थी सदर वाहनास त्यांचे नाव देण्यात यावे.

पांढरे हातमोजे घातलेल्या सेविकेने माझ्या कोपराला स्पर्श केला. मी उभी राहिले.

"आमेन," सभा म्हणाली.

"आमेन," मीही म्हणाले.

मग चर्चच्या तळघरात जेवण. तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी, हिरवी भाजी, तीन प्रकारचे केक. माझ्या ताटात लोक वाढत होते आणि मी ते बाजूला सारत होते. आईच्या गल्लीतली एक बाई माझ्यापाशी येऊन बसली.

"पोरी, दुःखातसुद्धा तू मन मोठं केलंस. माझ्या सुनेचं काम होईल बघ आता. नव्या इमारतीत बायका घेणार आहेत ना कामाला."

"कुठली नवी इमारत?"

"अगं, तीच. बायका-पोरांची. आत्ता फक्त पुरुष ठेवतात ना? आता कुटुंबंच्या कुटुंबं आणणार. हॉस्पिटलच्या मागच्या मैदानात." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू तर उभी राहिलीस की."

डीकन दारापाशी लोकांचे हात हातात घेत उभे होते. त्यांनी माझाही घेतला.

"डीकन, विस्तारित करार म्हणजे काय?"

"आजचा दिवस नको, नेव्हा."

"आजच वाचलात ना तुम्ही तो?"

त्यांनी मला बाजूला नेलं, कोटांच्या खुंट्यांपाशी. "हे बघ. तुझी आई मला दर महिन्याला विचारायची, पैसा कुठून आणणार. मी वॉशिंग्टनला पत्रं लिहिली. दवाखान्यासाठी लिहिलं, उत्तर नाही. ॲम्ब्युलन्ससाठी लिहिलं, उत्तर नाही. मग त्यांना म्हटलं, तुम्हाला आणखी खाटा हव्यात तर आम्हाला दुसरी गाडी हवी. आठवड्यात उत्तर आलं."

"आईने लहान मुलांना कोंडायला सांगितलं नव्हतं."

"मुलं कोंडली जाणारच आहेत. इथे नाही तर पुढच्या काउंटीत. मग गाडीही त्यांनाच मिळेल. तू सांग, कुणाला मिळू दे?"

"माझा पाठिंबा आहे असं तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?"

"लिहिलं, वाचलं, आणि तू उभी राहिलीस," ते हळू म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "देवाच्या घरात, सगळ्यांसमोर. बस थोडं. केक खा. रताळ्याचा केक तुझ्या मावशीने केलाय."

मंडळाची बैठक पुढच्या सोमवारी होती. करारावर मतदान त्याच दिवशी. मी आईच्याच खुर्चीवर बसले, कारण बाकीच्या भरल्या होत्या. इतकी गर्दी त्या खोलीत मी कधी बघितली नव्हती. सेंटरचे पहारेकरी बायकांसह आले होते. मार्व्हिस भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, पण ती हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही.

माझं नाव पुकारलं. मी बोलायला उठले तेव्हा डीकन म्हणाले, "त्याआधी मिस वर्लीन टिलरींसाठी आपण सगळे उभे राहून शांतता पाळू." सगळे उभे राहिले. टोप्या निघाल्या. शांतता लांबली. खाली बसलो तेव्हा चिटणीसबाईंनी घड्याळाकडे बघून सांगितलं की माझ्या वेळातला बराचसा संपला आहे; शांतता माझं नाव पुकारल्यावर पाळली गेली, म्हणून ती माझ्या खात्यात.

"मग थोडक्यात सांगते," मी म्हणाले. "माझी आई ॲम्ब्युलन्सच्या अभावी मेली नाही. ॲम्ब्युलन्स होती. आपण ती भाड्याने दिली होती. आता तुम्ही त्याच गिऱ्हाईकाला मुलं ठेवायला जागा देताय आणि बदल्यात दुसरी गाडी घेताय. आई विचारायची, लढायला आहे, हाकलायला आहे, जगवायला का नाही. तुम्ही तिला उत्तर दिलंत, की जगवायचं असेल तर हाकलण्यातूनच मिळेल. हे उत्तर तिने घेतलं नसतं. हा करार फेटाळा. आणि फेटाळणार नसाल तर गाडीवरून तिचं नाव काढा."

मागून आवाज आला, "तू शहरात राहतेस. तुझ्या घरातून हॉस्पिटल दिसत असेल."

"दिसतं," मी म्हणाले.

"मग तुला काय जातंय बोलायला? माझ्या नवऱ्याला दम्याचा त्रास आहे."

"आई मेली तरी हिचं शिकवणं संपेना," आणखी कुणी म्हणालं, आणि काही जण हसले. ते हसू वाईट नव्हतं. चर्चमध्ये एखादं मूल उलटं बोललं की हसतात तसं होतं.

"वेळ संपली," चिटणीसबाई म्हणाल्या.

डीकननी हातोडा उचलला नाही. ते मंडळाच्या सदस्यांकडे वळले. "ठराव काउंटीचा आहे, आणि कुटुंबाने तो स्वीकारलेला आहे. नाव काढायचं तर सदस्यांपैकी कुणीतरी तसा प्रस्ताव मांडायला हवा. मी स्वतः मांडू शकत नाही, मी अध्यक्ष आहे. कुणी मांडतंय का?"

पाच जणांत आयोला पीपल्स बसल्या होत्या. आईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी शाळेत कामाला लागल्या, एकाच वर्षी विधवा झाल्या. आईच्या शवपेटीपुढे त्यांनी गायलेलं गाणं अजून माझ्या कानात होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, आणि बंद केली.

"कुणी मांडतंय का?" डीकननी पुन्हा विचारलं. मला वाटतं, त्यांनाही कुणीतरी मांडावं असं वाटत होतं. मग त्यांचंही काम सोपं झालं असतं.

कुणी मांडला नाही. करार मंजूर झाला, पाचही मतांनी.

बाहेर पायऱ्यांवर आयोलाबाई माझी वाट बघत होत्या. "माझा नातू हृदयात भोक घेऊन जन्मलाय, नेव्हा. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"वर्लीन असती तर मला समजून घेतलं असतं."

"नसतं घेतलं, मिस आयोला."

त्यांनी पर्स खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "हो. नसतं," आणि रेलिंग धरून खाली उतरू लागल्या. मी त्यांना हात दिला नाही.

खोटं कशाला सांगू, दुसऱ्या गाडीने माणसं वाचली. वसंतात एका गुरुवारी आयोलाबाईंचा नातू निळा पडला. ॲम्ब्युलन्स शेडमध्ये होती आणि वेळेत पोचली. मूल जगलं. त्या रविवारी चर्चमध्ये त्याला हातांवर उचलून सगळ्यांना दाखवलं, तेव्हा पास्टर म्हणाले की ही सिस्टर वर्लीनची पुण्याई. मी त्या दिवशी आले होते. सगळी सभा उभी राहिली. मी बसून राहिले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

गावात ठेवली ती मात्र जुनी गाडी. नवी गाडी करारातल्या पैशांची, म्हणून ती करारासाठी. बाहेरून तपासणीची माणसं येतात, त्यांच्यासमोर नवी दिसायला हवी, असं मार्व्हिसने मला फोनवर सांगितलं. त्याने डेप्युटीचं काम सोडलं होतं आणि नव्या इमारतीत लागला होता. तिथे पगार जास्त.

"तू बघितलीस का गाडी?" त्याने विचारलं.

"नाही."

"अक्षरं छान आली आहेत. सोनेरी. लांबून वाचता येतात."

उन्हाळ्यात आईचं घर विकायच्या कामासाठी मी गावी गेले. दिवस गुरुवारचा निघाला. वकिलाच्या कचेरीचा रस्ता धावपट्टीच्या कुंपणाला लागून जातो. मी ठरवून थांबले नाही; बस आत वळत होती म्हणून रस्ता अडवला होता, आणि माझ्यासारख्या दोन-तीन मोटारी उभ्या होत्या. गरम होतं. मी काच खाली केली. विमानाची इंजिनं अजून बंद होती.

ॲम्ब्युलन्स तारेपलीकडे आडवी उभी होती. नवी कोरी, पांढरी. ड्रायव्हर सावलीत बसून कलिंगड खात होता. बाजूवर सोनेरी अक्षरांत आईचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली एक लहानसं कबुतर काढलेलं. ते कुणी सुचवलं, मला माहीत नाही.

बसमधून बायका उतरल्या. त्यांच्या मनगटांना बेड्या होत्या आणि त्या कमरेच्या साखळीला जोडलेल्या. मुलांना बेड्या नव्हत्या. मुलांनी आपापल्या आईचा सदरा धरायचा, असं त्यांना शिकवलेलं दिसलं, कारण सगळीच तसं करत होती. रांग ॲम्ब्युलन्सच्या बाजूने विमानाकडे निघाली.

साताठ वर्षांची एक मुलगी अक्षरांपाशी रेंगाळली. वाचायला नुकती शिकली असावी. बोट हवेत धरून तिने एकेक अक्षर जोडलं. स्पॅनिश मला येतं, कॉलेजात शिकले होते. तिच्या तोंडून नाव वेगळंच झालं, शेवटचा स्वरही उच्चारला गेला, आणि तरी ते तेच होतं. नाव पूर्ण झालं तसा तिला आनंद झाला. तिने ते पुन्हा मोठ्याने म्हटलं.

"आई, ही कोण?"

तिच्या आईला हात वर करता येत नव्हते. तिने हनुवटीने मुलीला पुढे ढकललं आणि गाडीवरच्या नावाकडे एकदा बघितलं.

"इथली मालकीण असेल," ती म्हणाली. "चल."